कच्छच्या खडकांत, आडवाटेने: निघण्यापूर्वी वाचायचे माहितीपत्रक

पुण्यात कच्छ म्हटले की पांढरे रण डोळ्यांपुढे येते. आमचा हिवाळी ट्रेक तिकडे जात नाही. नखत्राणा तालुक्यात, कडिया ध्रोच्या परिसरातल्या वालुकाश्माच्या घळींतून तो मळलेली वाट सोडून फिरतो. वाळूच्या टेकड्या, उंटावरची रपेट आणि तंबूतले नाचगाणे हवे असेल तर ही सहल तुमच्यासाठी नाही, हे पैसे भरण्याआधीच सांगतो. इथे दगड बघायचे असतात. ते शांतपणे, जवळ जाऊन बघायला आवडत असतील तर जरूर या.

काय बघायचे

भुखी नदीने कापून काढलेला हा वालुकाश्म क्रेटेशियस कालखंडातला, म्हणजे दहा कोटी वर्षांहून जुना आहे. वाहत्या पाण्याने आणून टाकलेल्या वाळूचे थर दबून त्याचा दगड झाला. कड्यांवर तिरप्या रेघा दिसतील, तिथे थांबा. रेघा ज्या बाजूला उतरतात त्या बाजूला ते पाणी वाहत होते. लाल, पिवळे, तपकिरी पट्टे लोहाच्या संयुगांचे आहेत. खडकात मुरलेल्या पाण्याने लोह इकडून तिकडे नेले आणि ठिकठिकाणी साठवले. जिथे ते दाट झाले तिथे खडक कठीण झाला. भोवतालची मऊ वाळू झिजून गेली आणि कठीण भाग गोळ्यांसारखे, छत्र्यांसारखे पुढे आले. काही भिंतींवर जाळीदार खळगे आहेत. दगडाच्या छिद्रांत मिठाचे स्फटिक वाढतात आणि एकेक कण सुटा करतात, त्यातून ही जाळी तयार होते.

नदीच्या तळाशी गोल, खोल खळगे दिसतील. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले असतील तर ते लगेच ओळखाल. भोवऱ्यात अडकलेले गोटे तळ घासत राहतात, दोन्हीकडे काम तेच. फक्त निघोजला काळा बेसाल्ट आहे आणि इथे वालुकाश्म. आपला काळा कातळही कच्छमध्ये भेटतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याच्या थरांनी सह्याद्री घडला, त्याच उद्रेकांचा लाव्हा इथल्या वालुकाश्मावरही पसरला होता.

सह्याद्रीची सवय इथे सोडावी लागते

हा भाग सर्वांनी वाचावा, मुरलेल्या ट्रेकर्सनी तर दोनदा. बेसाल्टवर आपण खाचेत बोटे घालून निर्धास्त भार देतो. वालुकाश्माची तीच खाच हातात तुटून येते. सपाट उतारावर सुटे कण साचलेले असतात, त्यावर मोहरीवर पडल्यासारखा पाय सरकतो. त्यामुळे पाऊल पूर्ण टेकवायचे, भार सावकाश द्यायचा आणि पकड आधी ठोकून पाहायची. पोकळ आवाज आला की हात काढायचा.

ओला वालुकाश्म आणखी कमजोर असतो, कारण कणांना धरून ठेवणारे बंध पाण्याने ढिले पडतात. वरून वाळलेला दिसला तरी आत ओल राहते. म्हणून पाऊस पडून गेल्यावर आम्ही खडकावर चढू देत नाही, मग कोणी कितीही आग्रह करो.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते. जिथून स्वतःच्या पायांनी खाली येता येईल याची खात्री नाही तिथे चढायचे नाही, हा आमचा पक्का नियम. फोटोसाठी छत्रीसारख्या खडकांवर उभे राहायचे नाही. कच्छ भूकंपाचा मोठा धोका असलेल्या क्षेत्रात येते, त्यामुळे लोंबत्या कड्याखाली आम्ही जेवायलाही बसत नाही.

डोहांत पोहायला परवानगी नाही. ते खोल आहेत, कडा गुळगुळीत आहेत, आणि कच्छमधल्या अनेक पाणवठ्यांत मगरी आहेत.

वाट नसताना

घळींत सगळी वळणे सारखी दिसतात. पुढे जाताना अधूनमधून मागे वळून बघा. परतताना तेच दृश्य समोर येणार असते. दगडांच्या खुणा रचू नका, मागून येणाऱ्याला त्या चुकीच्या ठिकाणी नेतात. लीडरकडे छापील नकाशा, होकायंत्र आणि ऑफलाइन जीपीएस असतो. सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय वापरता येत नाही, तो आणू नका. सीमा जवळ असल्यामुळे ड्रोनही नको.

वाळूवर कुठे कुठे काळपट, खरबरीत पापुद्रा असतो. तो सूक्ष्म जीवांचा आहे आणि त्यानेच माती धरून ठेवलेली असते. एका पावलाने मोडलेला पापुद्रा पुन्हा तयार व्हायला अनेक वर्षे जातात. शक्य तिथे खडकावरून किंवा नदीच्या कोरड्या पात्रातून चाला. दगड आणि जीवाश्म जागच्या जागी राहू द्या. सॅकमध्ये सापडले तर आम्ही परत ठेवायला लावतो.

सोबत काय

प्रत्येकी चार लिटर पाणी, ओआरएस, जाड तळाचे बूट (वेड्या बाभळीचा काटा पातळ तळ सहज भेदतो), लांब बाह्यांचा शर्ट, टोपी, हेडटॉर्च. दिवसा ऊन लागते आणि रात्री स्वेटर पुरत नाही, जाकीट घ्या. कोकणात फुरसे पाहिलेल्यांना सांगायला नको, ते इथेही आहे आणि दगडाखाली बसते. न बघता फटीत हात घालू नका, बूट झटकून घाला. दंश झालाच तर कापायचे नाही, करकचून बांधायचे नाही; तो भाग न हलवता सरळ रुग्णालय गाठायचे. त्यासाठी आमची गाडी जवळच्या रस्त्यावर उभी असते.

निघण्याआधीच्या रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर सर्वांनी यायचे आहे. जुन्या खाणीपाशी होकायंत्राचा सराव होईल आणि तुमचे बूट बघितले जातील. गुडघा, दमा, रक्तदाब, मधुमेह यांपैकी काही असेल तर ते फॉर्मवर लिहा. लिहिले म्हणून आम्ही कोणाला वगळत नाही. गट कसा करायचा आणि कोणाबरोबर कोणता लीडर द्यायचा, हे आम्ही त्यावरूनच ठरवतो.