रेंज गेली म्हणजे जीपीएस गेलं?

"रेंज नसली की फोनला आपण कुठे आहोत ते कळत नाही," असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. खाडीत शिरलं की रेंज जाते, नकाशा कोरा पडतो; तसं वाटणं साहजिकच.

टॉवरवरून जागेचा ढोबळ अंदाज येतो. नेमकी जागा मात्र सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहांवरून कळते. फोन त्यांचे संकेत नुसते ऐकतो. चार उपग्रह मिळाले की पुरे. कोरा पडतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येतो. रेंजशिवाय पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, एवढं खरं.

पडताळून बघा. घरीच नकाशा डाउनलोड करा. कोकणातल्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीत उघड्यावर उभे राहा, एअरप्लेन मोड लावा, लोकेशन चालू ठेवा. निळा ठिपका वाशिष्ठी नदीतून सरकताना दिसेल.

खरी अडचण पुढे आहे. ठिपका पाण्यात दिसतो. पण माणूस फेरीत गाडीत बसलाय, होडीत जाळं ओढतोय की संकटात आहे, हे फोनमधल्या ॲपला वेग आणि हालचालीवरून नुसतं ताडावं लागतं. शिवाय ती जागा घरी कळवायला रेंज लागतेच. म्हणून होडीवर वायरलेस सेट हवाच.