बटण सोडलं की किरण संपले

‘एक्स-रेच्या खोलीत नोकरी? नको बाई, मुलंबाळं होणार नाहीत.’ आमच्या विभागात मदतनीस म्हणून लागलेल्या एका मुलाचं ठरत आलेलं लग्न एवढ्या बोलण्यावर मोडलं. म्हणून हा खुलासा.

एक्स-रे म्हणजे खोलीत साठून राहणारा धूर नव्हे. नळीत विजेचा दाब असतो तेवढ्या क्षणापुरतेच किरण निघतात. बटण सुटलं की थांबले. भिंती, गादी, रुग्णाचे कपडे, काहीच किरणोत्सर्गी होत नाही. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये तर हे किरण नसतातच. (एमआरआयचा धोका वेगळा, तिथलं चुंबक कायम चालू असतं. लोखंडी सिलिंडर आत न्यायचा नाही.)

क्ष-किरणांचा धोका आहेच, म्हणून तर बंधनं आहेत. फोटो काढताना मदतनीस शिशाच्या पडद्यामागे उभा राहतो. लहान मूल धरायचं तर शक्यतो नातेवाइकालाच शिशाचा एप्रन घालून धरायला सांगतात. अंतर दुप्पट केलं की किरण चौथाईवर येतात. छातीवर, एप्रनच्या आत, टीएलडी बॅज असतो, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते नोंदवणारा बिल्ला. तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. भारतात कर्मचाऱ्याच्या अंगावर पडणाऱ्या किरणांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं माप) आहे, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. शुक्राणू तात्पुरते घटायलाही वृषणांना एकदम १०० मिलिग्रेच्या (क्ष-किरणांसाठी मिलिसिव्हर्टइतकंच धरलं जाणारं माप) आसपास मात्रा बसावी लागते.

स्थळ बघायला गेलात तर मुलाच्या नोकरीला घाबरू नका. बॅज रोज लावतोस ना, एवढं जरूर विचारा.