हार्डफेसिंग: जाड थर आणि त्यातल्या भेगा

हार्डफेसिंग म्हणजे झिजणाऱ्या भागावर वेल्डिंगने कठीण धातूचा थर चढवणं. क्रोमियम कार्बाइडचा, म्हणजे क्रोमियम आणि कार्बनच्या अतिकठीण संयुगाचा, थर चढवून झाला आणि तो निवू लागला, की टिक्-टिक् असा बारीक आवाज येतो. थर तडकत असतो. नवखा वेल्डर घाबरतो. मुरलेला कुठली भेग आहे ते पाहतो.

१९०७ मध्ये अमेरिकेत एलवुड हेन्स यांना कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूंची पेटंटं मिळाली. स्टेलाइट ते हेच. १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियात स्टूडी बंधूंनी तेलविहिरी खोदण्याच्या अवजारांसाठी मिश्रधातूची पूड भरलेल्या नळ्यांचे रॉड बनवले. गॅसच्या ज्योतीने धातू सावकाश लागे. पुढे सबमर्ज्ड आर्क (फ्लक्सच्या, म्हणजे वितळता धातू झाकणाऱ्या भुकटीच्या, थराखाली चालणारं विजेचं वेल्डिंग) आणि पूड भरलेली तार आली, तासाला कित्येक किलो धातू पडू लागला आणि जाडीचा मोह वाढला.

निवताना थर आकसतो, पण खालचं पोलाद त्याला धरून ठेवतं. मऊ धातू अशा वेळी ताणला जातो. ज्यात ४-५ टक्के कार्बन आणि २५-३० टक्के क्रोमियम आहे, तो ताणलाच जात नाही, तडकतो. या आडव्या, जवळजवळच्या भेगांनी ताण मोकळा होतो. अशा थरात त्या धरूनच चालायचं. पण दोन-तीन थरांवर आणखी चढवलं, की पापुद्रे सुटू लागतात.

घातक भेग वेगळी. ती थराखाली, मूळ पोलादाच्या तापलेल्या पट्ट्यात पडते, कधीकधी काही तासांनी, आणि दिसत नाही. ओलसर फ्लक्समधला हायड्रोजन, कडक झालेलं पोलाद आणि ताण एकत्र आले की ती पडते. लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड (कमी हायड्रोजन सोडणाऱ्या वेल्डिंगच्या कांड्या), ते भट्टीत सुकवण्याची शिस्त, प्रीहीट म्हणजे वेल्डिंगआधी भाग तापवणं आणि सावकाश निववणं, हे सगळं तिच्यासाठीच रुळलं. मध्यम कार्बनच्या पोलादाला साधारण १५० ते ३०० अंश सेल्सिअस प्रीहीट देतात. हॅडफील्ड यांच्या १८८२ च्या मँगनीज पोलादाला मात्र उलटा नियम: ते सुमारे २६० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ठिसूळ होतं. दोन्हींना एकच कृती लावून चांगले भाग वाया घालवलेले पाहिले, की जीव हळहळतो.

म्हणून झीज खोल असेल तर ती कठीण धातूने भरत नाहीत. आधी चिवट इलेक्ट्रोडने मूळ मापाजवळ आणतात, लागल्यास मध्ये ऑस्टेनिटिक स्टेनलेसचा (चिवट जातीच्या स्टेनलेस पोलादाचा) बफर, म्हणजे मधला थर, देतात. वरची भेग त्या चिवट धातूत थबकते. कठीण थर फक्त शेवटचे दोन-तीन.