सायटिका (गृध्रसी)

कमरेतून किंवा कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, बरेचदा पावलापर्यंत उतरणारी कळ म्हणजे सायटिका. हा स्वतंत्र आजार नव्हे, दबलेल्या किंवा सुजलेल्या नसेचे लक्षण आहे. आयुर्वेद त्याला गृध्रसी म्हणतो आणि वातव्याधींत गणतो.

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कुल्ल्यात तिची रुंदी सुमारे २ सेंमी भरते. कमरेच्या शेवटच्या दोन आणि त्याखालच्या त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या) पहिल्या तीन पातळ्यांवरची नसांची मुळे एकत्र येऊन ती बनते. दुखणे पायात जाणवले तरी दाब बहुधा या मुळांवर, म्हणजे कमरेतच असतो. दोन मणक्यांमधली चकती फाटून तिचा मऊ गर मागे सरकतो, मुळाला दाबतो आणि तिथे दाहही निर्माण करतो. फाटलेली चकती आणि पायातली कळ यांचा संबंध मिक्स्टर व बार या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ मध्ये ठळकपणे मांडला. उतारवयात मणक्यातली नळी अरुंद झाल्यानेही त्रास होतो. अशा रुग्णाचे पाय चालताना भरून येतात आणि पुढे वाकले किंवा बसले की आराम पडतो.

कोणते मूळ दबले, हे कळेच्या वाटेवरून ओळखता येते. नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडे मुंग्या येत असतील आणि टाचांवर चालणे जमत नसेल, तर पाचवे कटिमूळ, म्हणजे कमरेचे पाचवे मूळ. करंगळीची बाजू व तळवा बधिर आणि चवड्यावर उभे राहता येत नसेल, तर पहिले त्रिकमूळ, म्हणजे त्रिकास्थीचे पहिले मूळ. उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय उचलला आणि ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली, तर चकतीचा संशय बळावतो. नुसती मांडीची शीर ताणली जाणे म्हणजे सायटिका नव्हे. ‘मणक्यात गॅप आहे’ हे एक्स-रे पाहून सांगितले जाते, पण एक्स-रेत चकती किंवा नस दिसत नाही. उलट एमआरआयत कसलाही त्रास नसलेल्यांच्याही चकत्या बाहेर आलेल्या दिसतात. म्हणून धोक्याची चिन्हे नसतील तर पहिले सहा आठवडे एमआरआयची घाई करू नये.

बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत पुष्कळ उतार पडतो. अंथरुणाला खिळून राहिल्याने फायदा होत नाही. झेपेल तितके थोडे थोडे चालावे. कळ तीव्र असताना उताणे पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवाव्यात, कंबर आणि गुडघे काटकोनात. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि त्याच वेळी हाताने धड वर ढकलावे. उताण्यावरून सरळ उठण्याच्या झटक्यातच अनेकदा कळ उसळते. चकतीच्या दुखण्यात पालथे पडून कोपरांवर छाती उचलण्याचा व्यायाम पुष्कळांना मानवतो. त्याची कसोटी अशी: दुखणे पावलातून वर, कमरेकडे सरकले तर कमरेत थोडे वाढले तरी चालते. ते पायात आणखी खाली उतरले तर व्यायाम तिथेच थांबवावा. पायाची बोटे पकडायला वाकणे, भरलेली कळशी वाकून उचलणे आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवणे या काळात टाळावे. शेकाने स्नायू सैल होतात, पण बधिर पायावर गरम पिशवी ठेवू नये. भाजल्याचे कळत नाही.

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घेण्याची रीत आपल्याकडे आहे. कळ पायात उतरत असेल तर ती कदापि करू नये. जोरात मणका ‘बसवून’ घेणेही तितकेच धोक्याचे.

लघवी अडणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, गुदद्वार व जननेंद्रियाभोवतीची जागा बधिर होणे किंवा दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते, आणि उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. पाऊल लुळे पडू लागले तरी थांबू नये. एरवी शस्त्रक्रियेचा विचार काही आठवडे उपचार करूनही कळ असह्य राहिली तरच होतो. तिने पायाची कळ लवकर थांबते. कंबरदुखी तितकी हमखास जात नाही.