मेंढीकोटात पटाईत असलेला माणूस कॅसिनोला हरवेल का?

गणपतीत आमच्याकडे आरती-भजन आटोपलं की माजघरात चटई पडते आणि मेंढीकोट सुरू होतो तो पहाटेपर्यंत. मागच्या वेळी असाच डाव रंगात आलेला असताना आमचा चुलतभाऊ बाबल्या पानं खाली ठेवून म्हणाला, "सिस्टीम गावली माका." कसली तर पणजीला मांडवीत त्या कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात ना, तिथल्या रूलेटची, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर चेंडू सोडतात त्या जुगाराची. लालवर शंभर लावायचे, हरलो तर दोनशे, परत हरलो तर चारशे, कधीतरी लाल येणारच, तेव्हा मागचं सगळं वसूल होऊन वर शंभर सुटतात.

ऐकायला बिनचूक वाटतं, आणि बऱ्याच वेळा चालतंही, त्यामुळेच माणूस फसतो.

रूलेटच्या युरोपियन चाकावर 37 घरं असतात, 18 लाल, 18 काळी आणि एक हिरवं शून्य. सगळी ग्यानबाची मेख त्या शून्यात आहे. एका आकड्यावर पैसे लावले आणि तो आला तर 35 पट मिळतात, पण घरं 37, म्हणजे प्रत्येक घरावर शंभर-शंभर ठेवले तर 3700 जातील आणि मूळ शंभर धरून 3600 परत येतील. म्हणजे शंभरामागे सरासरी 2 रुपये 70 पैसे बोटीवरच राहतात, हा कॅसिनोचा हप्ता. अमेरिकन चाकावर शून्यं दोन असतात, तिथे हाच आकडा सव्वापाचच्या वर जातो. लाल लावा, काळं लावा, आजीच्या वाढदिवसाची तारीख लावा, टक्का तोच. आणि चाकाला आठवण नसते हो. 1913 साली मोनाकोतल्या मोन्टे कार्लोच्या कॅसिनोत चेंडू सलग 26 वेळा काळ्यावर पडला, आणि लोक "आता तर लाल येणारच" म्हणून दर फेरीला जास्त जास्त लावत गेले आणि धुतले गेले. पंचविसाव्या काळ्यानंतरही लाल यायची शक्यता 37 पैकी 18 च होती, एक कणही जास्त नाही.

आता बाबल्याची सिस्टीम. सलग सात वेळा हरला तर त्याचे 12,700 गेलेले असतात आणि आठव्या वेळी त्याला 12,800 लावायचे असतात, कशासाठी तर शंभर रुपयांसाठी! सलग सात हरण्याची शक्यता साधारण 106 मध्ये 1. म्हणजे शंभर-शंभर रुपये असे शंभरएक वेळा खिशात येतात आणि मग एकदाच सगळं धुऊन जातं. वर टेबलाला जास्तीत जास्त किती लावायचे याची मर्यादा असते, त्यामुळे कोणाचे खिसे कितीही खोल असले तरी दुप्पट-दुप्पट कुठेतरी अडकतंच.

मग बाबल्या म्हणाला, ठीक, दुप्पट नको, शंभर-शंभरच लावत शांतपणे खेळतो, दहा हजाराचे वीस झाले की उठतो. हे तर जास्तच वाईट. गणित करून बघा (19 भागिले 18 चा शंभरावा घात, त्यात एक मिळवा, मोबाईलवर होतं), असं खेळून पैसे दुप्पट होण्याची शक्यता येते 224 मध्ये 1. आणि तेच दहा हजार एकाच फटक्यात लालवर ठेवले तर साधारण 48.6 टक्के! मला स्वतःला हे पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं, दोनदा करून बघितलं. कारण असं की हप्ता दर फेरीला कापला जातो, जितक्या फेऱ्या जास्त तितका हप्ता जास्त. बोटीवर जेवण फुकट का देतात ते आता कळलं असेल, माणूस टेबलाजवळ थांबला पाहिजे.

आपल्याकडच्या अंदर-बाहरचंही तेच. एक पान उघडलं की गठ्ठ्यात 51 उरतात आणि त्याच्या जोडीची तीन, मग अंदर आणि बाहर अशा दोन बाजूंना आळीपाळीने पानं टाकायची, जोडीचं पान जिथे पडेल ती बाजू जिंकली. ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती बाजू 51.5 टक्के वेळा जिंकते. वा, मग त्याच बाजूला लावू, तर नाही, बऱ्याच कॅसिनोत त्या बाजूला रुपयाला 90 पैसेच देतात. हिशोब केला तर तिकडे शंभराला 2 रुपये 15 पैसे तोटा आणि दुसऱ्या बाजूला 3 रुपये. कुठेही बसा.

मग कौशल्य म्हणून काही नाहीच का? आहे, आणि ते मेंढीकोट खेळणाऱ्याला लगेच कळेल. चार दश्श्यांपैकी किती पडले, हुकूम कोणाकडे किती उरलेत, हे आमची आत्या चहा गाळता गाळता सांगते. पडलेलं पान परत येत नाही, म्हणून मागचं लक्षात ठेवण्याला किंमत आहे. (सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात तर 120 गोल पानं, तिथे स्मरणशक्तीचा नुसता घाम निघतो.) कॅसिनोत असा खेळ म्हणजे ब्लॅकजॅक, पानांची बेरीज 21 च्या जवळ न्यायची पण पुढे जाऊ द्यायची नाही.

1956 साली अमेरिकन लष्करातल्या चौघांनी साध्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर बसून ब्लॅकजॅकमध्ये कधी पान घ्यायचं, कधी थांबायचं याचं गणित काढलं. तसं खेळलं तर नियम बरे असलेल्या टेबलावर हप्ता अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. मग एडवर्ड थॉर्प नावाच्या गणिताच्या मास्तराने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या आयबीएम 704 कॉम्प्युटरवर पुढचं पाऊल टाकलं, की गठ्ठ्यात मोठी पानं जास्त उरली असतील तर बाजू खेळणाऱ्याची होते. कारण डीलरला, म्हणजे कॅसिनोतर्फे पानं वाटून खेळणाऱ्याला, 16 पर्यंत पान घ्यावंच लागतं, मोठी पानं असली की तो 21 च्या पुढे जाऊन फुटतो, आणि एक्का-दश्शा जमला तर आपल्याला दीडपट मिळतात. 1962 मध्ये त्याने हे पुस्तक करून छापलं. मोजायची पद्धत पुढे सोपी झाली: 2 ते 6 पडलं की अधिक एक, 10 ते एक्का पडला की उणे एक, मधली सोडून द्या. बेरीज वर गेली की जास्त लावा.

म्हणजे हरवता येतं! येतं, पण किती ते बघा. चांगला मोजणारा सरासरी एक टक्क्याच्या आसपास पुढे असतो. शंभर हातांनंतर त्याची अपेक्षित कमाई एका डावाच्या रकमेएवढी, आणि नशिबाचा हेलकावा अकरा-बारा डावांचा, वर किंवा खाली. कौशल्य नशिबाच्या बरोबरीला यायलाच साधारण 13,000 हात लागतात. तोपर्यंत खिशात पैसे टिकले पाहिजेत, आणि डोकं.

आणि कॅसिनोवाले काही झोपलेले नसतात. दीडपटीऐवजी पाचाला सहा द्यायला लागले की त्या एका बदलाने हप्ता जवळजवळ 1.4 टक्क्यांनी वाढतो, मोजणाऱ्याची सगळी मेहनत पाण्यात. काही ठिकाणी मशीन सतत पत्ते पिसत राहतं, म्हणजे पडलेलं पान लगेच परत गठ्ठ्यात, आत्याचा मेंढीकोट संपला. अमेरिकेत नेवाडात तर मोजणाऱ्याला सरळ उठवतात, मनातल्या मनात मोजणं गुन्हा नसूनही. न्यू जर्सीत 1982 साली वरच्या कोर्टाने सांगितलं की निव्वळ मोजतो म्हणून अटलांटिक सिटीचे कॅसिनो कोणाला बाहेर काढू शकत नाहीत.

पोकरची गोष्ट वेगळी, तिथे समोर कॅसिनो नाही तर आपल्यासारखीच माणसं असतात, त्यामुळे हुशार माणूस कच्च्या माणसाकडून जिंकू शकतो, फक्त प्रत्येक डावातून टेबलवाला आपला वाटा काढतो तो भरून वर उरला पाहिजे.

एवढं सगळं ऐकून बाबल्या पाचेक मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "मगे दहाच्या दहा हजार एकदमच लावूक होये?" आत्याने तेवढ्यात चौथा दश्शा ओढून त्याच्यावर मेंढीकोट लावला होता.