मेंढीच्या कातड्याचे सीट कव्हर (मोटारसायकल)

लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकलच्या सीटवर लोकर वर ठेवून पट्ट्यांनी आवळलेले मेंढीचे कमावलेले कातडे. रेक्झिनवर साचणारा घाम व उष्णता कमी करणे हे त्याचे मुख्य काम. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही. तिच्या कुरळ्या तंतूंत हवाही खेळती राहते. फोम दबलेला असेल तर मात्र आधी तो बदलावा, कातडे त्याची जागा घेत नाही.

या वापरामागे दोन पूर्वपरंपरा संभवतात. पहिली घोड्याच्या खोगिराची: अल्ताय पर्वतातील पाझिरिक थडग्यांत (सुमारे इ. स. पू. ५ वे ते ३ रे शतक) नमद्याची (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची) खोगिरे मिळाली आहेत, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय घोडदळात खोगिरावर मेंढीचे कातडे घालण्याची चाल होती. दुसरी परंपरा रुग्णालयांतली: शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून रुग्णाच्या अंगाखाली असेच कातडे घालतात. यांपैकी पहिली अधिक ग्राह्य वाटते, कारण मांड टाकून बसणे, मांड्यांचे घर्षण आणि तंगाने (खोगीर बांधण्याच्या पट्ट्याने) आवळणे या तिन्ही गोष्टी घोड्यावर व गाडीवर सारख्याच आहेत. सीटवर घोंगडीची घडी टाकणे हाही त्याच जातीचा उपाय होय. मात्र नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. ती धुऊन काढल्याशिवाय घडी कडक राहते व सरकते.

मराठवाड्यातील दख्खनी मेंढीची लोकर भरड, विरळ व बहुधा काळी. मेरिनो या परदेशी मेंढीची दाट व मऊ. भरड लोकर टोचते, पण लवकर चपटत नाही. लोकर २५ ते ३० मिमी असावी, म्हणून नुकत्याच कातरलेल्या मेंढीचे कातडे उपयोगाचे नाही. खरा फरक पडतो तो कमावण्याने. फिटकरी-मिठाने कमावलेले कातडे पांढरे व मऊ दिसते, परंतु पाण्याने फिटकरी निघून जाते आणि एका पावसातच ते कच्च्या चामड्यासारखे कडक होते. तरवड किंवा बाभळीच्या सालीने कमावलेले पाण्यात टिकते, मात्र लोकरीवर तांबूस झाक चढते. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले उष्णतेलाही सर्वांत चांगले टिकते. कच्चे कातडे ओले असताना ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची काळी सीट तेवढी सहज तापते. घेण्यापूर्वी कातड्याचा कोपरा भिजवून सावलीत वाळवावा. कडक झाला तर ते कातडे घेऊ नये.

सीट काढून तिच्यावर कागदी साचा आखावा. टाकीकडे ३ ते ४ सेमी जागा सोडावी. तिथे सांडलेल्या पेट्रोलने कातड्यातील स्निग्धांश निघून जातो. कातडे उलटे ठेवून फक्त चामडे धारदार ब्लेडने कापावे. कात्रीने लोकरही कापली जाते आणि कडेला टक्कल पडते. कडेला कापडी पट्टी लावून चामड्याच्या सुईने व मेण लावलेल्या दोऱ्याने ६ ते ८ मिमी अंतराने टाके घालावेत. टाके जवळ पडले की छिद्रांच्या रेषेवरच कातडे फाटते. २५ मिमी रुंद इलॅस्टिकच्या तीन पट्ट्या सीटखालून आडव्या नेऊन बकलने आवळाव्यात. कातडे व रेक्झिन यांमध्ये जाळीदार रबरी चटई घातली नाही तर ब्रेक मारताना कव्हर पुढे सरकते.

पट्टी बॅटरीच्या टर्मिनलवर, वायरिंगवर किंवा सीटच्या खटक्यात येऊ देऊ नये; खटका अर्धवट बसला तर सीट चालत्या गाडीत उचकटते. पट्ट्यांची मोकळी टोके शिवून टाकावीत. खड्ड्यात शॉक अॅब्सॉर्बर दबले की मागचे चाक वर येते, आणि लोंबणारे टोक चाकात किंवा चेनमध्ये गुंतते. ही चूक जिवावर बेतू शकते. पट्ट्या बसवल्यावर मागे एकाला बसवून, गाडी दाबून खालून पाहावे.

पावसात कव्हर काढून ठेवणे उत्तम. भिजलेच तर पिळू नये. टॉवेलने टिपून सावलीत, हाताने ताणत वाळवावे. कोमट पाणी व सौम्य साबण पुरतो. सोड्याच्या पावडरीने लोकर झिजते. पावसाळ्यानंतर माळावर बसणे-उठणे झाले की लोकरीत कुसळे शिरतात. ती फणीने मुळाकडून टोकाकडे काढावीत, उलट ओढल्यास ती चामड्यात रुततात. ठेवणीतल्या कव्हराला कसर लागते, म्हणून ते पूर्ण वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून सुती पिशवीत ठेवतात.