कारण खरं असलं तरी आजार असू शकतो: दुःख आणि नैराश्य यांतला फरक

"एवढं नुकसान झालंय, मग माणूस खचणारच ना." नाशिकजवळ निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांवर गारपीट होऊन गेली की हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. सातपूर-अंबडमधली नोकरी गेली, मुलगी नीटमध्ये राहिली, घरातलं कर्तं माणूस गेलं, तरी हेच. वाक्य मायेनं म्हटलेलं असतं आणि खोटंही नसतं. पण माणूस डॉक्टरपर्यंत उशिरा पोचतो तो बऱ्याचदा याच वाक्यामुळे. एकदा कारण सापडलं की आपण पुढचं काही विचारत नाही.

साधं दुःख आणि नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, यांतला फरक कारणात सापडत नाही. दोन्हींमागे खरंखुरं कारण असू शकतं. बांधावरून पडून हात मोडला तर पडण्याचं कारण कळलं म्हणून हाड आपोआप जुळत नाही. तेव्हा पाहायचं ते हे, की घाव बसल्यानंतर माणूस झोपतो कसा, जेवतो कसा, आणि स्वतःबद्दल काय बोलतो.

समजा, दोन सख्खे भाऊ आहेत. बागा शेजारी-शेजारी, सोसायटीचं कर्ज दोघांवर सारखंच. मार्चमध्ये माल काढणीला आला असताना गारा पडल्या, मणी तडकले, व्यापाऱ्यानं पाठ फिरवली. थोरला चार दिवस जेवला नाही. बागेत बसून रडला. तलाठी पंचनाम्याला आला तेव्हा त्याच्याशी भांडला, व्यापाऱ्याला शिव्या घातल्या. रात्री कर्जाचे आकडे डोक्यात फिरत, झोप लागायला एक वाजायचा. पण नातवंडं सुटीला आली की तेवढा वेळ तो हसायचा. पुतण्याच्या हळदीला दोन घास जास्त खाल्ले. एप्रिलची खरड छाटणी आली तशी कुरकुरत का होईना, मजूर बघायला बाहेर पडला. भरपाईचे थोडे पैसे खात्यावर आले त्या दिवशी त्याचा चेहरा सैल झाला.

धाकटा रडलाच नाही. घरच्यांना वाटलं, हा खंबीर आहे. महिना झाला तरी तो बागेकडे फिरकला नाही. झोप लागायची, पण पहाटे तीनला मोडायची आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचा. सकाळ सगळ्यात जड जायची, संध्याकाळी जरा बरं वाटायचं. मटण केलं तरी "चव नाही" म्हणायचा. हळदीला मांडवाच्या कडेला बसून राहिला. बोलणं हळू झालं, साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लागायचा. आणि एक वाक्य सारखं तोंडात: "माझ्यामुळंच झालं. मी कुणाच्याच कामाचा नाही." गारा त्यानं पाडल्या नव्हत्या, हे त्याला सांगून पटत नव्हतं. पैसे त्याच्याही खात्यावर आले, पण त्याच्यात काहीच हललं नाही.

थोरल्याला माणसांची, वेळेची आणि पैशाची गरज आहे. धाकट्याला या तिन्हींबरोबर डॉक्टरचीही. शेवटची खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुःखातल्या माणसापर्यंत चांगली बातमी पोचते, निदान घटकाभर तरी. नैराश्य पक्कं बसलं की ती बऱ्याचदा आत पोचतच नाही.

डॉक्टर निदान करताना नऊ लक्षणं बघतात: सततची उदासी, कशातच रस न उरणं, झोपेत आणि भुकेत बदल, थकवा, हालचाली मंदावणं किंवा उलट सतत बेचैनी, लक्ष न लागणं, स्वतःला दोषी नाहीतर नालायक समजणं, आणि मरणाचे विचार. यांतली किमान पाच, जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकली, त्यात पहिल्या दोनांपैकी एक असलं आणि रोजचं जगणं अडलं, तर नैराश्याचं निदान होतं. ही मोजणी घरी बसून गुण द्यायला नाही. पण "दोन आठवडे" आणि "काम अडतंय का" एवढं प्रत्येक घराला ठाऊक असावं. दोन आठवडे उलटले आणि माणूस कामाला, आंघोळीला, जेवणाला उठत नसेल, तर "बघू पुढच्या महिन्यात" म्हणू नका.

कुणी गेल्यानंतरचं दुःख मात्र वेगळं जोखावं लागतं. रामकुंडावर रोज अस्थी घेऊन येणारी माणसं दिसतात, दहाव्याला पिंडाजवळ कावळ्याची वाट बघत उभी असलेली दिसतात. ते दुःख लाटांसारखं येतं. फोटो दिसला, आवडीची भाजी केली, की उसळतं. मधल्या वेळात माणूस आठवणी सांगतो, चहा घेतो, हसतोसुद्धा. त्याचं दुःख गेलेल्या माणसाबद्दल असतं. "मीच नालायक" असं तो सहसा म्हणत नाही. हे दोन आठवड्यांत संपावं अशी अपेक्षा कुणी करू नये, आणि प्रत्येक रडण्यावर गोळीही नको. पण शोक आणि नैराश्य एकाच वेळी असू शकतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत पूर्वी सवलत होती: जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने शक्यतो नैराश्याचं निदान करू नये. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ती काढून टाकली. शोक म्हणजे आजार, असा त्याचा अर्थ नाही. मृत्यूसारखं मोठं कारण समोर आहे, एवढ्यावर खरा आजार नजरेआड होऊ नये, एवढाच आहे.

बाळंतिणीचंही असंच. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, किंवा बाळाकडे बघावंसंच वाटेना, तर डॉक्टरांना सांगायचं.

आपल्याकडे नैराश्य पुष्कळदा मनाचं म्हणून येतच नाही. अंग दुखतं, छातीत धडधडतं, डोकं जड, पोटात गॅस, "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा." पुरुषांमध्ये ते चिडचिडीतून आणि वाढलेल्या दारूतून दिसतं. तपासण्या नॉर्मल येत राहतात आणि माणूस दवाखाने बदलत राहतो. तपासण्या कराव्यातच, कारण थायरॉइड कमी असणं, बी-12 किंवा रक्त कमी असणं यांनीही असाच थकवा आणि उदासी येते. पण त्या नॉर्मल आल्या म्हणजे "काही नाही झालेलं" असं नव्हे. आणि मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या आणू नयेत. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते आणि नैराश्य आहे तिथंच राहतं.

काही वेळा दोन आठवडेही थांबायचं नाही. "मी नसलो तर तुम्ही सुटाल" असं बोलणं, अचानक जमीन-पैशाची निरवानिरव करणं, खाणंपिणं सोडणं, नसलेले आवाज ऐकू येणं, कित्येक रात्री न झोपताही अंगात भलताच जोर असणं: यांत त्याच दिवशी डॉक्टर. जिवाचं काही करून घ्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधं असतात. ती त्या काळात कुलपात नाही, घराबाहेर दुसऱ्याकडे ठेवा, आणि माणसाला एकटं सोडू नका.

जायचं कुठं? 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे. 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नाशिकच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेले डॉक्टर असतात, औषध ते देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. थोरल्या भावासारख्या माणसालाही समुपदेशकाचा उपयोग होतो, त्यासाठी आजारी असायला लागत नाही. "वेड्याच्या डॉक्टरकडे" गेलं की ठाण्याच्या नाहीतर येरवड्याच्या मनोरुग्णालयात भरती करतील, ही भीती अजून आहे. नैराश्याचे बहुतेक पेशंट गोळ्यांची चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी घरी येतात. त्र्यंबकला शांतीची पूजा करायची घरच्यांची इच्छा असेल तर करावी, फक्त डॉक्टरची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नये.

गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडणारे पुष्कळ, आणि बरं वाटताच परस्पर बंद करणारेही तेवढेच. दोन्ही चूक. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी गोळ्या चालू ठेवायला सांगतात आणि मग हळूहळू कमी करतात.

धाकट्यासारख्या माणसाला "तुला डिप्रेशन आलंय" म्हटलं तर तो उठणार नाही. "अरे, महिना झाला तुझी झोप नाही, जेवण नाही. झोपेचं दाखवून येऊ, मी येतो बरोबर," असं भावानं म्हटलं तर गाडीत बसतो. जाताना थायरॉइड-रक्ताचे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्या पिशवीत घ्या. झोप कधीपासून बिघडली, वजन किती उतरलं, दारू किती, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, हे एका कागदावर लिहून न्या. डॉक्टरांसमोर तो "बरंय" एवढंच म्हणण्याची शक्यता असते, तेव्हा तो कागद पुढे करा.